भांडी तिची आणि घर त्याचे? ही वाटणी आम्हाला मान्य नाही!

शाखेच्या सभेत बढतीचा, ओव्हरटाइमचा, क्वार्टरच्या गळक्या छपराचा प्रश्न निघाला की आपण सगळे हात वर करून बोलतो. पण एखाद्या कामगाराचा संसार मोडला, नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे झाली, आणि घर, प्लॉट, दागिने, सोसायटीचे कर्ज यांचे काय करायचे असा प्रश्न आला की सभा गप्प होते. ‘तो त्यांचा खाजगी मामला आहे’ असे म्हणून अध्यक्ष पुढचा विषय पुकारतात. आमचे म्हणणे सरळ आहे. हा खाजगी मामला नाही. हा मजुरीचा प्रश्न आहे, आणि मजुरीचा प्रश्न संघटनेच्या पटलावरच आला पाहिजे.

हे म्हणणे आम्हाला पुस्तकात सापडलेले नाही. ते आम्ही कुंभकोणमला ऐकले.

कुंभकोणमची वाटणी

आपली संघटना अखिल भारतीय, तेव्हा कामानिमित्त कधी भुसावळ तर कधी त्रिची असे फिरावे लागते. त्रिचीचे काम आटोपून आम्ही तंजावरवरून कुंभकोणमला गेलो. कावेरीकाठचे हे देवळांचे गाव. पितळी भांड्यांसाठी आणि विड्याच्या पानांसाठी दक्षिणेत ते प्रसिद्ध आहे. रेल्वे दक्षिण रेल्वेच्या त्रिची विभागात, टपालाचा मात्र स्वतःचा वेगळा विभाग. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले, आणि तेव्हापासून त्या मुलखात गेलेली मराठी घराणी आजही तिथे आहेत. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या अशाच एका जुन्या साथीच्या घरी आम्ही उतरलो. घरात मराठी, दारात तमिळ. जेवणे झाल्यावर गोष्ट निघाली ती शेजारच्या गल्लीतल्या एका संसाराची.

नवरा रेल्वेत, ट्रॅकवर कामाला. बायको घरात. घर सांभाळून ती विड्याच्या पानांच्या जुड्या बांधायची, त्याचे चार पैसे यायचे. सव्वीस वर्षांचा संसार, दोन मुले. मग बेबनाव झाला आणि दोघे वेगळे राहू लागले. कोर्टाची पायरी नको, चारचौघांत बसून मिटवू, असे ठरले. वाटाघाटी चार रविवार चालल्या. नवऱ्याच्या बाजूने त्याचे दोन भाऊ, एका वकिलाचा कारकून आणि, सांगायला लाज वाटते, आपल्याच चळवळीतला एक कार्यकर्ता. बायकोच्या बाजूने तिचा म्हातारा बाप.

निकाल असा लागला. प्लॉट आणि त्यावरचे घर नवऱ्याचे, कारण खरेदीखत त्याच्या नावे आणि हप्ते त्याच्या पगारातून कापलेले. फंड त्याचा, कारण नोकरी त्याची. बायकोला काय? तिने माहेराहून आणलेली पितळी भांडी, एक मोठी समई आणि उरलेसुरले दागिने. ‘उरलेसुरले’ म्हणण्याचे कारण असे की प्लॉट घेताना चार बांगड्या गहाण पडल्या होत्या, त्या सुटल्याच नाहीत. स्टँप पेपरवर तिची सही घेतली: यापुढे माझा कशावरही हक्क नाही. सगळ्यांनी कॉफी घेतली आणि ‘सामोपचाराने मिटले’ म्हणून एकमेकांचे अभिनंदन केले.

आमच्या साथीच्या पत्नी इतका वेळ दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “भांडी तर तिची होतीच. मग वाटणी कशाची झाली?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. तेव्हापासून तो आम्ही बरोबर घेऊन फिरतो आहोत.

कायदा काय देतो आणि काय देत नाही

बाई म्हणाल्या ते कायद्यानेही खरे आहे. लग्नात आणि लग्नानंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी, नातेवाइकांनी स्त्रीला दिलेले दागिने, भांडी, वस्तू हे तिचे स्त्रीधन. त्यावर तिची एकटीची पूर्ण मालकी असते, नवरा फार तर ते सांभाळणारा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे कुंभकोणमच्या त्या बैठकीत तिला तिचेच परत मिळाले, तेही चार बांगड्या वजा जाता.

मग संसारात दोघांनी मिळून उभे केलेले घर? इथे कायद्याचा हात आखडतो. हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ घटस्फोटाच्या वेळी मालमत्तेबद्दल बोलते, पण ते लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या सामायिक असलेल्या वस्तूंपुरते. कलम २५ कायमच्या पोटगीचे. पोटगी म्हणजे गरज पाहून दिलेले पैसे, वाटा नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला एकत्र नांदलेल्या घरात राहण्याचा हक्क दिला. तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने नवरा-बायकोतील मालमत्तेचे दावे ऐकण्याचा अधिकार कौटुंबिक न्यायालयाला दिला. पण अधिकार दिला आणि माप दिले नाही. मालमत्ता कोणाची हे ठरवायला न्यायाधीश शेवटी कागद उघडतो, आणि कागदावर नाव असते पगार आणणाऱ्याचे.

संसदेने एकदा पाऊल उचलले होते. विवाह कायदा दुरुस्ती विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केले. संसार पूर्ण मोडल्याच्या कारणावरून घटस्फोट देताना नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देण्याची तरतूद त्यात होती. लोकसभेत ते पुढे सरकले नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच रद्दबातल झाले. त्यासाठी किती कामगार संघटनांनी मोर्चे काढले? आम्ही तरी काढला नाही. ही कबुली इथे देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

तंजावरची राणी आणि ‘राज्यकृत्य’

ज्या मुलखात ही वाटणी झाली तिथेच एका मराठी स्त्रीचा मालमत्तेचा खटला इतिहासात गाजलेला आहे. १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी मुलगा नसताना वारले. ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले आणि त्याबरोबर राजघराण्याची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राज्याचे कोणते आणि घरचे कोणते, याचा वेगळा हिशोब केलाच नाही. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. तिथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. कंपनी वर लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेली आणि १८५९ मध्ये जिंकली. का जिंकली? कंपनीची कृती न्याय्य होती म्हणून नव्हे. ते ‘राज्यकृत्य’ आहे, आणि राज्यकृत्याचा न्याय कोर्ट करू शकत नाही म्हणून! पुढे अर्ज-विनंत्या चालू राहिल्या आणि १८६२ मध्ये सरकारने ती मालमत्ता राण्यांना परत केली.

राजाराण्यांच्या संपत्तीशी कामगाराला कर्तव्य नाही. पण युक्तिवाद ओळखीचा वाटत नाही काय? ‘माझ्या ताब्यात आहे म्हणून माझे, आणि हिशोब विचारायचा कोणाला अधिकार नाही.’ कंपनी सरकार गेले, संस्थाने गेली, पण घराच्या चार भिंतींत हे राज्यकृत्य अजून चालू आहे. व्यवस्थापनाकडून पै-पैचा हिशोब मागणारा आपला लढाऊ कार्यकर्ता घरी आल्यावर स्वतःच कंपनी सरकार होतो!

मद्रास उच्च न्यायालय काय म्हणाले

आता ताजी गोष्ट. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णन रामसामी यांनी एक निकाल दिला. प्रकरण कामगाराच्या घरचेच होते. लग्न १९६५ चे. नवरा आधी नेवेलीच्या लिग्नाइट कंपनीत, मग कित्येक वर्षे सौदी अरेबियात. पैसा तो पाठवायचा. घर, मुले आणि इथले सगळे व्यवहार बायको पाहायची. परत आल्यावर वाद पेटला. पैसा माझा, म्हणून मालमत्ता माझी, बायको फक्त माझ्या वतीने सांभाळणारी, असे नवऱ्याचे म्हणणे. तो घटस्फोटाचा दावा नव्हता, पण प्रश्न तोच होता: कमावणारा एक आणि घर चालवणारी दुसरी असेल तर मालक कोण?

न्यायालयाने सांगितले की घर सांभाळणारी स्त्री दिवसाचे चोवीस तास राबते. ती राबली म्हणूनच नवरा निर्धास्तपणे नोकरी करू शकला आणि शिल्लक टाकू शकला. तेव्हा त्या शिल्लकीतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा निम्मा वाटा आहे. असा वाटा सांगणारा कायदा नाही हे न्यायालयाने मान्य केले. पण तो देण्यापासून न्यायाधीशाला अडवणाराही कायदा नाही, हेही सांगितले.

साथींनो, हा एका न्यायमूर्तींचा निकाल आहे, संसदेचा कायदा नव्हे. उद्या दुसऱ्या राज्यातले कोर्ट तो मानेलच असे नाही. पण त्यातला विचार आपलाच आहे. श्रम ज्याचे, त्याचा फळावर हक्क. हे आपण मालकाला शंभर वर्षे सांगत आलो. बायकोने हेच आपल्याला सांगितले की आपला चेहरा का उतरतो?

ड्यूटी कोणाची, पगार कोणाचा

रात्री दोन वाजता ड्यूटीचे बोलावणे येते. ड्रायव्हर साथी उठतो, कपडे चढवतो. पण त्याच्या आधी उठलेली असते ती चूल पेटवणारी. डबा भरून ती त्याच्या हातात देते आणि मग झोपत नाही, कारण चार वाजता नळाला पाणी येणार असते. आर. एम. एस. चा साथी ड्यूटीवर रात्री बाहेर असतो, तेव्हा तापाने फणफणलेल्या पोराला दवाखान्यात कोण नेतो? गावाकडे लांबच्या शाखा टपाल कार्यालयात डाक पोचवून आलेल्याच्या भिजलेल्या कपड्यांचे काय होते? ते आपोआप वाळत नाहीत.

सरकारच्याच २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात आकडा आहे. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त, साप्ताहिक सुटीशिवाय, रजेशिवाय, महागाई भत्त्याशिवाय.

आणि कायद्याचा उफराटा न्याय पाहा. हीच गृहिणी रस्त्यावर ट्रकखाली सापडून मेली, तर तिच्या घरकामाचे मोल पैशात धरून भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा एकदा बजावले आहे. म्हणजे मेली तर तिच्या श्रमाला किंमत आहे. जिवंत राहून वाटा मागायला आली, तर ‘तू काय कमावलेस?’

मे १९७४ चा संप आठवा. ८ मे ते २७ मे. कॉलन्यांतून पोलीस फिरत होते, क्वार्टर रिकामी करवून सामान बाहेर फेकले जात होते, माणसे तुरुंगात किंवा भूमिगत होती. त्या दिवसांत घरे कोणी धरून ठेवली? तेव्हा आपण भाषणांतून सांगत होतो की हा लढा कुटुंबाचा आहे. लढा कुटुंबाचा, जप्ती कुटुंबाची, उपास कुटुंबाचा, आणि फंड तेवढा एकट्याचा?

मडुरे सोडले की कायदा बदलतो

असा कायदा चालणारच नाही, घरे मोडतील, असे म्हणणाऱ्यांना आम्ही कोकण रेल्वेने प्रवास करायला सांगतो. सावंतवाडी रोड गेले, मडुरे गेले, गाडी पेडण्यात शिरली की विवाहाचा कायदा बदललेला असतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा असतो. घटस्फोट झाला तर यादी करून वाटणी होते. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. त्या संहितेत दोष होते. कारभार तिने नवऱ्याच्या हाती ठेवला होता, आणि प्रत्यक्षात किती बायकांना आपला हिस्सा घेऊ दिला जातो हा वेगळा प्रश्न. पण निम्म्या वाट्याचे तत्त्व तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आणि गोव्यातले संसार त्यामुळे मोडून पडले नाहीत. बांद्याच्या अलीकडची बाई आणि पलीकडची बाई एकच कालवण करते. एकीचा घरात निम्मा हिस्सा आणि दुसरीला भांडी, हा कुठला न्याय?

महाराष्ट्रातही हा विचार परका नाही. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली. गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला की ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणायचे. त्या संघटनेच्या अर्थनीतीशी आमचे मतभेद आहेत, पण मानायचे ते मानले पाहिजे. एकरभर कोरडवाहू असलेला शेतकरी तलाठ्याकडे जाऊन बायकोचे नाव लावून आला, आणि पक्का पगार घेणारे आपण अजून ‘खाजगी मामला’ म्हणतो आहोत.

वाटाघाटी की कोर्ट?

वाटाघाटी वाईट, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपला तर जन्मच वाटाघाटीत गेला. कोर्टात वर्षे जातात, वकिलाची फी जाते, मुले तारखांवर मोठी होतात. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यातही आधी समेटाचा प्रयत्न करण्याचे बंधन न्यायाधीशावर आहे, आणि तिथे वकील उभा करणे हा पक्षकाराचा हक्क म्हणून धरलेला नाही. कोर्टाला जोडलेल्या मध्यस्थी केंद्राची सुरुवातही देशात आधी मद्रास उच्च न्यायालयाने २००५ मध्ये केली. समजुतीने घटस्फोट घ्यायचा तर कायद्याने एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले.

पण वाटाघाटी म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. व्यवस्थापनाने ताळेबंद दाखवला नाही तर आपण टेबलावरून उठतो. कुंभकोणमच्या बैठकीत एका बाजूकडे सगळे कागद होते आणि दुसऱ्या बाजूकडे फक्त म्हातारा बाप. पगारपत्रक तिने कधी पाहिले नव्हते. फंडात किती, सोसायटीचे कर्ज किती, कशासाठी काढले, टपालात किती सर्टिफिकिटे, काही ठाऊक नव्हते. ही वाटाघाट नव्हे, हे हुकूमनाम्यावर सही घेणे झाले.

कोर्टाचा उपयोग इथे आहे. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र दिलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सांगितले आहे. मग घरातल्या टेबलावरही तोच नियम का नको? आधी कागद, मग बोलणी.

दुसरे, स्टँप पेपरवरची फारकत. सिद्ध झालेल्या रूढीचा अपवाद सोडला तर असल्या कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. तो कपाटात ठेवून पुन्हा लग्न केलेला साथी स्वतःच्या नोकरीवर धोंडा पाडून घेतो. तमिळनाडूत ‘कट्टपंचायत’ आणि आपल्याकडे जातपंचायत, दोन्हींचा न्याय एकच: ज्याची माणसे जास्त त्याची बाजू खरी. ठरलेली तडजोड कोर्टात संमतीच्या अटी म्हणून नोंदवून हुकूम घ्यावा, आणि घर-जमिनीचा हस्तांतराचा दस्त लागत असेल तर तो रजिस्टर करावा. महाराष्ट्रात राहते घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करायला मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. ही सवलत नवरा-बायकोच्या नात्याला आहे. नाते कायद्याने संपल्यावर आठवून उपयोग नाही.

तिसरे, आपल्या नोकरीचे कागद. भविष्य निर्वाह निधी जप्त होत नाही. १९२५ च्या कायद्याने ही ढाल आपल्याला सावकारापासून वाचवायला दिली. तीच ढाल बायकोसमोर धरणे हा त्या कायद्याचा अपमान आहे. पगाराची गोष्ट मात्र वेगळी. पोटगीच्या हुकमाच्या वसुलीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, हे ‘बघू काय करते ते’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. क्वार्टर सरकारचे, ते बदलीबरोबर जाते. घटस्फोट झाला की बायकोचा कुटुंब निवृत्तिवेतनावरचा हक्क, पास, दवाखाना सगळे संपते. एकरकमी तडजोड करताना हे नुकसान मोजले जाते काय? आम्ही तरी मोजलेले पाहिले नाही.

टपालातल्या साथींना एक आठवण. मासिक उत्पन्न योजनेत जॉइंट खाते असेल तर गुंतवणुकीची मर्यादा मोजताना प्रत्येक खातेदाराचा वाटा समान धरतात. हा नियम काउंटरच्या अलीकडे बसून आपण रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगतो. तो घरी नेला तर आकाश कोसळणार आहे काय?

आक्षेप आणि उत्तरे

‘तीन महिन्यांच्या लग्नावर घर बळकावतील’, असे तरुण साथी म्हणतात. आमची मागणी संसारात मिळवलेल्या मालमत्तेपुरती आहे. तीन महिन्यांच्या संसारात तीन महिन्यांचेच मिळवलेले असते. साताऱ्याचे वडिलोपार्जित घर, आईने ठेवलेली जमीन यात येत नाही.

‘कर्ज कोण फेडणार?’ घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी काढलेले कर्जही निम्मे. पण दारूचे, मटक्याचे कर्ज ज्याचे त्याने फेडावे.

‘खोट्या केसेस होतात.’ काही होतात, नाकारून चालणार नाही. पण हिशोब उघड आणि वाटा ठरलेला असेल, तर पैशासाठी धमकीच्या केसेस करण्याचे आणि सूड म्हणून पैसा दडवण्याचे, दोन्हींचे कारण कमी होईल.

‘नोकरी करणाऱ्या बायकांचे काय?’ नियम दोन्हीकडून लागू. आमच्या कित्येक भगिनी बुकिंगच्या खिडकीवर आणि टपालाच्या काउंटरवर आठ तास बसतात, हप्ता त्यांच्या पगारातून कापला जातो आणि फ्लॅट असतो नवऱ्याच्या नावे. निम्म्या वाट्याचा नियम त्यांचेही रक्षण करील. सरकारलाही हे उमगू लागले आहे. जानेवारी २०२४ पासून केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला, घटस्फोटाचा किंवा हिंसाचाराचा दावा चालू असेल तर, कुटुंब निवृत्तिवेतन नवऱ्याऐवजी आधी मुलांना मिळावे असे लिहून देता येते.

आमच्या मागण्या

सरकारकडे मागणी करण्याआधी स्वतःकडे करावी, ही आपली जुनी शिस्त. म्हणून आम्ही प्रत्येक शाखेपुढे हे ठेवतो.

१. घरबांधणी अग्रिम किंवा सोसायटीचे कर्ज घेऊन घर घेणाऱ्या प्रत्येक सभासदाने ते दोघांच्या नावे घ्यावे. पदाधिकाऱ्यांनी आधी, सभासदांनी नंतर.

२. सभासदाच्या घरच्या वादात कोणत्याही कार्यकर्त्याने संघटनेच्या नावावर एका बाजूने बसू नये. बसायचे तर दोन्ही बाजूंच्या संमतीने, आणि बसणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात.

३. बोलणी सुरू होण्याआधी पगारपत्रक, फंडाचा उतारा, सोसायटीचे आणि टपालाचे पासबुक, कर्जाचे कागद दोघांनी टेबलावर ठेवावेत.

४. स्टँप पेपरवरच्या फारकतीला कोणी साक्षीदार होऊ नये. तडजोड कोर्टाच्या हुकमातच उतरावी. मारहाण होत असेल तिथे तडजोडीची भाषा न करता तिला आधी संरक्षण मिळवून द्यावे.

५. संसारात मिळवलेल्या मालमत्तेत पती-पत्नीचा समान वाटा मानणारा, सर्व धर्मांच्या जोडप्यांना लागू होणारा कायदा व्हावा, असा ठराव शाखांनी करून फेडरेशनकडे पाठवावा. फेडरेशनने तो सरकारकडे मागणीपत्रात घालावा, बोनसच्या खाली नव्हे, बोनसच्या बरोबरीने.

काही साथी म्हणतील, महागाई, कंत्राटीकरण, पेन्शन एवढे प्रश्न असताना हे कशाला? आमचे उत्तर असे की जुन्या पेन्शनसाठी आपण भांडतो ते म्हातारपणी हात पसरायला लागू नये म्हणून. मग सव्वीस वर्षे राबलेल्या बाईला पन्नाशीत बापाच्या दारी पाठवताना तिचे म्हातारपण आपल्याला का दिसत नाही?

कुंभकोणमच्या त्या कागदावर सही झालेली आहे. आम्ही निघालो त्या दिवशी आमच्या साथीने तिच्या बापाची गाठ घेतली आणि तालुका विधी सेवा समितीचा रस्ता दाखवला. तिथे स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, वकील फुकट मिळतो. पुढे काय होईल ते होईल. पण आपल्या शाखेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला आणि अध्यक्ष ‘खाजगी मामला’ म्हणू लागले, तर उठून एवढेच विचारा: भांडी तर तिची होतीच, मग वाटणी कशाची झाली?

कामगार एकजूट झिंदाबाद!